नेपाळमध्ये (पाल्पा जिल्हा) चष्मेवाटपाला जातोय: जुने चष्मे, नंबरांचा साठा आणि परवानग्यांबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरजेतल्या आम्हा ११ जणांचा गट येत्या फेब्रुवारीत नेपाळला जाणार आहे. पाल्पा जिल्ह्यात तानसेनच्या आसपासच्या डोंगरातल्या गावांत ६ दिवस डोळे तपासायचे आणि चष्मे द्यायचे, असा बेत आहे. गटात २ ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे), १ फार्मासिस्ट, बाकी आम्ही शिक्षक आणि व्यापारी. तिथल्या एका सामाजिक संस्थेशी फोनवर बोलणं झालंय, लेखी अजून काही नाही.

विश्रामबाग, माधवनगर आणि मिरजेतल्या औषध दुकानांत खोकी ठेवून जुने चष्मे गोळा केले. १,४०० च्या घरात भरलेत. ते धुऊन, नंबर लावून न्यायचे असं ठरत होतं, पण आमच्यातल्याच एका ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, नवे चाळिशीचे तयार चष्मेच न्यावेत.

तर विचारायचं असं: जुन्यांचं करायचं काय? नवे न्यायचे तर कोणत्या नंबरचे किती? आम्ही जे डोळ्यांतले जाणकार नाही, त्यांनी तिथे नेमकं कोणतं काम धरावं? आणि सीमेवर एवढा माल अडतो का? गट एका नोंदणीकृत ट्रस्टतर्फे जाणार आहे, खर्च ट्रस्टच्या खात्यातून होईल.

---

भिंगवाला_मिरज

ताईंचं बरोबर आहे. जुने चष्मे नेऊ नका.

दान आलेल्या जुन्या चष्म्यांवर २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वापरता येण्याजोगे निघाले फक्त ७ टक्के. निवडणं, धुणं, नंबर काढणं, पाठवणं हे सगळं धरून एक वापरण्याजोगा जुना चष्मा नव्या तयार चष्म्यापेक्षा महाग पडला. अंधत्व निवारणात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची भूमिकाही जुने चष्मे वाटू नयेत अशीच आहे.

कारण साधं आहे. तुमच्या खोक्यातला चष्मा एका विशिष्ट माणसासाठी घडवलेला असतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे, सिलेंडरचा (एकाच दिशेला लागणाऱ्या तिरकस नंबराचा) अक्ष वेगळा, बाहुल्यांमधलं अंतर (पीडी) वेगळं. पन्नाशीच्या माणसाचा असेल तर बहुतेक वेळा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह. हे सगळं दुसऱ्या माणसाशी जुळणं जवळपास अशक्य. भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून ५ मिमी सरकला आणि भिंग +३.०० चं असलं, तर त्या डोळ्यापुढे दीड प्रिझम डायॉप्टर (प्रतिमा बाजूला सरकण्याचं माप) उभं राहतं (०.५ सेंमी गुणिले ३). दोन्ही डोळ्यांचं मिळून ३. माणूस अर्धा तास वाचतो, डोकं धरतो आणि चष्मा फडताळात ठेवून देतो. तुमच्या वहीत मात्र 'एक चष्मा दिला' अशी नोंद राहते.

१,४०० मधले थोडे तरी काढायचेच असतील तर लेन्सोमीटरशिवाय (भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्राशिवाय) पहिली चाळणी अशी करा. चष्मा डोळ्यांपासून वीतभर धरून त्यातून भिंतीवर काढलेल्या फुलीकडे बघा आणि चष्मा सावकाश डावी-उजवीकडे हलवा. फुली उलट दिशेला पळाली तर प्लस, चष्म्याबरोबर सरकली तर मायनस. मग चष्मा तिथल्या तिथे घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा. फुलीच्या रेघा कात्रीसारख्या उघडमीट करू लागल्या तर सिलेंडर आहे, तो बाजूला. दोन्ही भिंगं प्लस, सारखी, विनासिलेंडर आणि ओरखडा नसलेली असे जे उरतील ते इथेच, आपल्या जिल्ह्यातल्या ऑप्टोमेट्रिस्टच्या हाताखाली तपासून द्या. बाकीचे ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्यांना नंबर काढण्याच्या सरावासाठी उपयोगी पडतात, तुटक्यांचे स्क्रू आणि नाकाची पॅडं काढून घ्या. ज्यांनी श्रद्धेने चष्मे दिले त्यांना हे स्पष्ट सांगा, लोक समजून घेतात.

---

दृष्टी_कराड

साठा आणि कामाची वाटणी यावर लिहितो. जरा लांबेल.

आधी वेळेचं गणित. रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेड टाकून नंबराचा अंदाज घेणं) आणि मग ट्रायल फ्रेम (भिंगं बदलून बघायची चौकट) लावून नंबर पक्का करायला एका माणसामागे १५ मिनिटं धरा. दिवसाचे कामाचे तास ६. म्हणजे एक ऑप्टोमेट्रिस्ट २४, दोघे मिळून ४८. दारात मात्र सव्वाशे माणसं उभी असतात. त्यामुळे ज्यांना रेटिनोस्कोपची गरज नाही ती माणसं त्या टेबलापर्यंत पोचूच नयेत, अशी रांग लावायची. ते काम तुम्हा शिक्षक-व्यापाऱ्यांचं.

पहिलं टेबल नोंदणीचं: नाव, वय, काम काय करतात, पालिका आणि वडा (तिकडचा वॉर्ड) क्रमांक, फोन. वय आणि काम दोन्ही लागणार आहे, गाळू नका. दुसरं टेबल दूरच्या नजरेचं. ६ मीटरची दोरी, दोन्ही टोकांना गाठ, एक टोक तक्त्याखाली खिळ्याला. अंदाजाने पावलं मोजू नका. तक्ता 'ई' चा (वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी E चा) घ्या, हाताच्या बोटांनी दिशा दाखवायची. तक्ता ओसरीत सावलीत लावा, मागे उघडं दार किंवा खिडकी नको. एकेक डोळा झाकायचा तो तळहाताच्या खळग्याने. बोटांनी झाकला तर फटीतून बघतात, आणि दाबला तर नंतर त्या डोळ्याला धूसर दिसतं.

६/१२ ची ओळ (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसते ती, ६ मीटरवरून) वाचता आली नाही की पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची पट्टी. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. साधारण सव्वा मिमीच्या भोकातून बघून ओळ सुधारली तर दोष नंबरचा, म्हणजे माणूस ऑप्टोमेट्रिस्टकडे. भोकातूनही तेवढंच दिसलं तर चष्म्याने काम होणार नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, पडदा यांपैकी काहीतरी असेल, ते थेट रुग्णालयाच्या यादीत. पिनहोल विसरलेल्या शिबिरात मोतीबिंदूच्या माणसांना +३.०० चे चष्मे जातात आणि शस्त्रक्रिया आणखी दोन वर्षं लांबते.

तिसरं टेबल जवळच्या नजरेचं, ३५ च्या वरच्यांसाठी. वाचनकार्डाला ४० सेंमीची दोरी बांधा, दुसरं टोक माणसाच्या गालाशी. दोरी नसली तर प्रत्येक जण कार्ड आपल्या सोयीने लांब धरतो आणि नंबर कमी निघतो. एन ८ ची ओळ (कार्डावरचा अक्षराचा एक ठरलेला बारीक आकार) वाचता आली नाही तर चष्मा लावून बघायचा. सुरुवात वयावरून: चाळिशीच्या पहिल्या अर्ध्यात +१.००, पंचेचाळिशीनंतर +१.५०, पन्नाशीनंतर +२.००, पंचावन्नच्या पुढे +२.५०. त्याच्या एक पायरी खालून सुरू करून वर चढायचं आणि ज्या सगळ्यात कमी नंबरला एन ८ आरामात वाचता येईल तिथे थांबायचं. लोक जास्त नंबर मागतात, कारण अक्षर मोठं दिसतं. देऊ नका. नंबर वाढला की स्पष्ट दिसायची जागा आखडते.

वयाचा तक्ता ही फक्त सुरुवात, याचं कारणही समजून घ्या. ज्याचा दूरचा नंबर −२.०० आहे तो पन्नाशीतही चष्म्याविना अर्ध्या मीटरवर वाचतो. त्याला चाळिशी नको, दूरचा चष्मा हवा. उलट ज्याला दूरचाच +१.५० आहे, त्याला पंचेचाळीसला +२.५० किंवा +३.०० लागू शकतो. म्हणून दूरची नजर आधी आणि जवळची नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका.

तयार चष्मा कुणाला? दोन डोळ्यांतला फरक ०.५० च्या आत, सिलेंडर ०.७५ पेक्षा जास्त नाही आणि पीडी फ्रेमशी जुळणारी. बाकीच्यांना बनवून द्यावा लागतो. त्यासाठी तानसेन किंवा बुटवलमधल्या चष्माघराशी आधीच दर ठरवून ठेवा.

साठा ४०० चा धरला तर माझी वाटणी अशी: +१.०० चे ४०, +१.५० चे ९०, +२.०० चे ११०, +२.५० चे १००, +३.०० चे ६०. डोंगरातल्या शिबिराला वयस्कर माणसं जास्त येतात म्हणून वरचे नंबर थोडे जड ठेवलेत. भिंग पॉलिकार्बोनेट, हार्ड कोटिंग असलेलं. काचेचं मुळीच नको. खोकं उघडल्यावर प्रत्येक नंबरातले १० चष्मे लेन्सोमीटरवर घाला. डाव्या-उजव्या भिंगात पाव नंबराचा फरक असलेला स्वस्त माल बऱ्याचदा निघतो.

डोळा लाल, दुखतोय, बाहुली पांढरी, अचानक नजर गेली, मार लागला, मधुमेह आहे: यांच्यापैकी कुणालाही तयार चष्मा देऊन पाठवू नका. साखर वाढली की नंबरही बदलतो, साखर आटोक्यात आल्यावर तो पुन्हा फिरतो. आणि १८ च्या आतल्या कुणालाही तयार चष्मा नाही. मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं जोर लावतं की खरा प्लस लपतो आणि खोटा मायनस दिसतो. थेंब टाकून, डोळा सैलावूनच नंबर काढावा लागतो, आणि थेंब टाकणं हे तिथल्या डॉक्टरांचं काम.

---

माणदेशी_अ

प्रश्न राग न मानता घ्या. जत, आटपाडीत चाळिशीविना माणसं आहेतच की. एवढ्या लांब जाण्याआधी इथे का नाही?

---

दृष्टी_कराड

दादा, मुद्दा योग्य आहे आणि दोन्ही गोष्टी साधतात. नेपाळच्या आधी जतमध्ये एका गावात पूर्ण दिवसाची तालीम घ्या, याच टेबलांनी, याच माणसांनी, स्थानिक आरोग्य केंद्राला सांगून. रांग कुठे तुंबते ते पहिल्या तासातच कळतं. जवळच्या नजरेचं टेबल सांभाळणाऱ्यांनी त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेचं 'ट्रेनिंग इन असिस्टिव्ह प्रॉडक्ट्स' हे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं. ते अशाच बिगर-तज्ज्ञांसाठी बनवलंय.

---

घाटमाथा_७७

परवानग्या आणि सीमेचं मी लिहितो.

सामाजिक संस्थेशी फोनवर झालेलं बोलणं पुरेसं नाही. नेपाळात डोळ्यांचं काम फार भक्कम आहे. नेपाळ नेत्रज्योती संघ १९७८ पासून उभा आहे, खुपऱ्या (ट्रॅकोमा) या डोळ्याच्या रोगाचं उच्चाटन झाल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने नेपाळला २०१८ सालीच दिली. तुमच्याच वाटेवर, भैरहवाला, लुंबिनी नेत्र संस्था आहे. उत्तर प्रदेश-बिहारमधले आपले लोक मोतीबिंदूसाठी सीमा ओलांडून तिकडे जातात. तेव्हा आपण तज्ज्ञ पुरवायला जात नाही, डोंगरातल्या वाड्यांपर्यंत हात पोचवायला जातो, हे डोक्यात पक्कं ठेवा. अशा एखाद्या नेत्र रुग्णालयाच्या फिरत्या पथकाबरोबरच शिबिर घ्या. त्यांचं लेखी पत्र, गावपालिकेची संमती, आणि शस्त्रक्रियेसाठी पाठवलेला माणूस कुठे, कोणत्या दिवशी, कुणाच्या खर्चाने जाणार, हे सगळं पत्रातच.

डॉक्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची आणि ऑप्टोमेट्रिस्टना नेपाळ स्वास्थ्य व्यवसायी परिषदेची नोंदणी लागते. आपल्याकडची नोंदणी तिथे चालत नाही. म्हणून नंबर लिहून देणाऱ्या कागदावर सही तिथल्या नोंदणीकृत माणसाचीच हवी. औषधं, थेंब इथून नेऊ नका.

माल. 'वैयक्तिक सामान' म्हणून ४०० चष्मे पिशव्यांत वाटून नेण्याची युक्ती कुणीतरी सुचवेलच. ती करू नका, भन्साराला (तिकडे कस्टमला भन्सार म्हणतात) सापडलं तर माल जातो आणि यजमान संस्थेचं नाव खराब होतं. रीतसर पाठवायचं तर जमिनीच्या सीमेवर बिल ऑफ एक्सपोर्ट, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि घेणाऱ्या संस्थेचं पत्र. तयार चष्म्यांचा कस्टम शीर्षक क्रमांक ९००४, फ्रेमचा ९००३. दान असलं तरी किंमत शून्य लिहू नका, खरी घाऊक किंमत लिहा. शुल्कमाफी हवी असेल तर अर्ज तिकडच्या संस्थेने करायचा आणि तो मंजूर झाल्याशिवाय माल हलवायचा नाही. माझं मत विचाराल तर हे ४०० चष्मे काठमांडू-बुटवलच्या घाऊक दुकानातूनच घ्या. सीमेचा प्रश्न मिटतो, फ्रेम तुटली तर तीच तिथे पुन्हा मिळते. इथून न्यायची ती फक्त उपकरणं, त्यांची अनुक्रमांकासह यादी भारतीय कस्टमला दाखवून शिक्का घ्या, म्हणजे परत आणताना वाद नाही.

ट्रस्टच्या पैशाचं आधी सीएंना विचारा. धर्मादाय ट्रस्टने देशाबाहेर केलेल्या खर्चाला आपोआप करसवलत मिळत नाही, त्यासाठी आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते. सदस्यांनी प्रवासखर्च स्वतः करावा हे सगळ्यात सुटसुटीत.

प्रवास: पुण्याहून गोरखपूरची रेल्वे, तिथून सोनौली बसने. व्हिसा नको, पण मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं, आधारवर विसंबू नका. बुटवलच्या पुढे सिद्धबाबाचा घाट दरडींचा आहे, रात्री चढू नका. तानसेन साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर, फेब्रुवारीत रात्री चांगलीच थंडी. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद.

---

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने चष्मे बाद, हे बैठकीत ठरलं. लुंबिनीकडे पत्र पाठवतोय, जतच्या तालमीची तारीखही काढतो.

दोन शंका. पाल्पात ढाका कापड विणणाऱ्या बायका खूप, त्यांच्यासाठी साठ्यात काही वेगळं लागेल का? आणि नेपाळीही देवनागरीतच लिहितात, तर आपलं मराठी वाचनकार्ड चालेल ना?

---

भिंगवाला_मिरज

कार्ड चालवू नका. अक्षर ओळखीचं आणि शब्द अनोळखी असला की माणूस अडखळतो, आपल्याला वाटतं दिसत नाही, आणि नंबर वाढवला जातो. 'ळ' तर नेपाळीत वापरतच नाहीत. रुग्णालयाकडून नेपाळी कार्ड घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी 'ई' चं जवळचं कार्ड आणि सोबत सुई-दोरा, शिवाय ताटलीत मूठभर तांदूळ, त्यात चार बारीक खडे. खडे निवडता आले की चष्मा बरोबर. 'टाढा' म्हणजे लांब, 'नजिक' म्हणजे जवळ, आणि 'कुन राम्रो?' म्हणजे कोणतं चांगलं. एवढे शब्द टेबलावरच्या प्रत्येकाला यावेत.

विणकरांचा प्रश्न फार चांगला विचारलात. मागावर बसलेल्या बाईची नजर विणीवर असते, साधारण ५० ते ६० सेंमीवर. आपण मोजतो ४० ला. साठीतल्या बाईला ४० सेंमीला +२.५० बरोबर बसला, तर मागावर तोच चष्मा धूसर करतो. ती पुढे वाकते, मान दुखते, चष्मा उतरतो. ५० सेंमीला +२.००, ६० ला +१.७५ च्या आसपास पुरतो. म्हणून नोंदणीतलं 'काम काय' इथे कामाला येतं. हातात कापडाचा तुकडा द्या, मागावर बसतात तसं बसायला सांगा, टेपने डोळ्यापासून विणीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्या अंतरावर धागा मोजता येतो का ते बघा. साठ्यात +१.७५ चे २५-३० वेगळे घाला. शिलाईचं उलट: सुईकाम ३३ सेंमीवर येतं, तिथे अर्धा नंबर जास्त लागू शकतो.

आणि या मेहनतीचं मोल नीट मोजलं गेलंय. आसाममधल्या चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांवरचा अभ्यास २०१८ साली आला. वाचनाच्या चष्म्याने खुडणी २१.७ टक्क्यांनी वाढली. बांगलादेशातल्या २०२४ च्या अभ्यासात कष्टकऱ्यांची कमाई ८ महिन्यांत ३३.४ टक्क्यांनी वाढली. विणकराच्या डोळ्यावर नेमका चष्मा बसवायला दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

---

नेत्रसहायक_वाई

एक राहिलं, ते म्हणजे तुम्ही परतल्यानंतरचं.

चष्मा देताना बसवून द्या. काडीचा बाक कानाच्या वरच्या टोकाला, जिथे काडी टेकते, तिथेच सुरू व्हायला हवा. पुढे असला तर कान दुखतो, मागे असला तर चष्मा नाकावरून घसरतो. माणसाला खाली वाकायला सांगा, घसरला तर पुन्हा वाकवा. प्लॅस्टिकची फ्रेम गरम पाण्यात काडीचं टोक अर्धा मिनिट बुडवून मगच वाकवा, थंड वाकवली तर तुटते. पुसायचं कसं तेही करून दाखवा: आधी पाण्याने धूळ काढायची, मग मऊ सुती कापड. कोरडाच पदराने पुसला तर धुळीचे कण भिंगावर ओरखडे काढतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं आणि तडकतं, त्याने कधीही डाग काढू नये.

बनवून द्यायच्या चष्म्यांची मोठी अडचण म्हणजे ते पोचत नाहीत. तयार होतात, खोक्यात पडून राहतात. प्रत्येक पाकिटावर नाव, वडा, स्वतःचा आणि शेजाऱ्याचा फोन लिहा. वाटपाची तारीख शिबिराच्या दिवशीच जाहीर करा, ३ आठवड्यांनंतरची, त्याच ओसरीत. गावातल्या महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका (१९८८ पासूनची त्यांची यंत्रणा आहे, आपल्या आशाताईंसारखी) सगळ्यांना ओळखतात. शिबिराआधी त्यांना भेटा, उरलेला साठा रुग्णालयामार्फत नंबरवार लिहून त्यांच्याकडे ठेवता येईल का ते विचारा.

३ महिन्यांनी वहीतले ५० जण निवडून फोन करा. नुसते पहिले ५० नकोत, दर आठवा घ्या. विचारायचं एवढंच: चष्मा आत्ता कुठे आहे? 'डोळ्यावर' किंवा 'खिशात' हे उत्तर वेगळं मोजा, 'घरी ठेवलाय' हे वेगळं. घरी ठेवलेल्यांना का ते विचारा. डोकं दुखतं म्हणाले तर पीडी किंवा जास्त नंबर, घसरतो म्हणाले तर बसवणं चुकलं, स्क्रू पडला म्हणाले तर दुरुस्ती नाही.

त्या शेवटच्यासाठी प्रत्येक स्वयंसेविकेकडे एक डबी द्या: चष्म्याचा बारीक पेचकस, बिजागरीचे १.४ मिमीचे ३० स्क्रू, सिलिकॉनची १० जोड्या नाकपॅडं आणि पारदर्शक नेलपॉलिशची एक बाटली. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, भिंगाला लागू न देता. मग तो सैल होत नाही.